झाडावरचे वीस भुंगेरे

पारनेरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात किड्यांवर नजर ठेवण्याची सुरुवात निसर्गाच्या आवडीतून झाली नाही. पीक वाचवण्याच्या गरजेतून झाली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पठारी मुलूख बाजरी, मूग, वाटाणा आणि रब्बी ज्वारीवर जगत आला. पाऊस बेभरवशाचा, त्यात उभ्या पिकाला कीड लागली तर वर्ष वाया गेले.

देशावरचे सर्वांत जुने भय टोळांचे. 1901 ते 1908 या वर्षांत मुंबई इलाख्यात टोळधाडींचे सत्र चालले. हा टोळ राजस्थानच्या वाळवंटाकडून येणारा नव्हता. ‘बॉम्बे लोकस्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही जात हिवाळा घाटातल्या जंगलांत काढी, उन्हाळ्यात पूर्वेकडे सरके आणि मृगाचा पाऊस पडला की जमिनीत अंडी घाली. हे वर्षाचे चक्र सरकारी कीटकशास्त्रज्ञ हेरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी 1906 च्या अहवालात मांडले. थवा कुठून आला, कुठे बसला, पिले कधी दिसली, हे एका माणसाने पाहून होणारे काम नव्हते. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यातली माहिती लागे. किड्यांची नोंद ही पुष्कळ डोळ्यांनी करायची गोष्ट आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

टोळ कधीमधी येत. हुमणी ही कीड मात्र मुक्कामालाच असते. नगर जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घातला गेला आणि 1950 नंतर उसाखालचे क्षेत्र वाढत गेले. पारनेरमध्येही कुकडीच्या पाण्याने काही पट्ट्यांत ऊस आला. पाणी आणि ऊस पोहोचला तिथे हुमणीलाही बारमाही अन्न मिळाले. तिची अळी जमिनीत राहून मुळे खाते. पीक पिवळे पडून वाळू लागते तेव्हा कुठे शेतकऱ्याला पत्ता लागतो, आणि तोवर औषधाचा फारसा उपयोग उरलेला नसतो. किडीला गाठण्याची खरी संधी त्याआधी, वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर येते. दिवेलागणीला जमिनीतून हुमणीचे तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि बांधावरच्या, रस्त्याकडेच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला व मिलनाला जमतात. पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात.

म्हणून पाहणी शेतात न होता झाडाखाली होते. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या झाडावर सरासरी 20 किंवा त्याहून अधिक भुंगेरे आढळले, तर नुकसानीची पातळी ओलांडली, असा ठोकताळा कृषी सल्ल्यात रूढ आहे. मग रात्री बॅटरी घेऊन माणसे निघतात, लांब काठीच्या आकड्याने फांद्या हलवतात, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकतात. एकट्याने हे करणे जवळपास व्यर्थ आहे, कारण शेजारच्या बांधावरची मादी उडून येते आणि एकेक मादी 50-60 अंडी घालते. सगळ्या गावाने, तेही सलग तीन-चार वर्षे केले तरच फरक पडतो. काही कारखान्यांनी भुंगेरे किलोच्या भावाने विकत घेतले ते याच हिशेबाने. स्वयंसेवेला दाम जोडला की ती स्वयंसेवा राहते का, हा वाद इथे फारसा कोणी घालत नाही.

2008 मध्ये राज्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी कृषी खात्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात काही शेते कायम ठरलेली आणि काही दर वेळी बदलणारी ठेवून किडींची संख्या नोंदवली जाऊ लागली. मोजणी पगारी सर्वेक्षकांकडे आली.

किड्यांच्या नोंदीचा दुसरा प्रवाह हौशी निरीक्षकांचा. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. संस्थेच्या नियतकालिकात 1905 पासून मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवर लेखमाला निघाली, पण दीर्घकाळ हे ज्ञान इंग्रजी वाचणाऱ्यांपुरते राहिले. गावापर्यंत ते कायद्याच्या वाटेने आले. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आवश्यक ठरली. पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली, हेही खरे. 2015 मध्ये महाराष्ट्राने ‘ब्ल्यू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरू मास पाळला गेला.

अशा हौशी मोजणीला रस्ता सोयीचा पडतो. ब्रिटनमध्ये 2004 साली सुमारे 40 हजार वाहनचालकांनी गाडीच्या नंबर प्लेटवर चिकटलेले किडे मोजले होते. पारनेरकडे रस्त्याकडेला रुई आणि तरवड मुबलक. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या आणि रंगीत नाकतोडे, तरवडावर एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या; नवख्यालाही ओळखता येतील अशा. मात्र याच सोयीमुळे नोंदी सडकेच्या दोन्ही अंगांना दाटतात. पलीकडच्या माळरानावर, कुसळी गवतात आणि खडकाळ पडीकात राहणारे किडे नकाशावर विरळच उमटतात, आणि रस्ता रुंद करताना कडुनिंब-बाभूळ तुटले की हुमणीच्या मोजणीचे झाडही जाते.