व्हीलर पीक कॅम्पग्राउंड

व्हीलर पीक कॅम्पग्राउंड ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेव्हाडा राज्याच्या पूर्व सीमेलगत, ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकून मुक्काम करण्यासाठी राखलेली जागा आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची ९,८८६ फूट, म्हणजे सुमारे ३,०१३ मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर हा तळ वसलेला आहे. येथे ३७ जागा आहेत. ॲस्पेन आणि स्प्रूस वृक्षांच्या दाटीत विखुरलेल्या या जागांपासून पायी तासा-दीड तासाच्या अंतरावर पृथ्वीवरील अतिदीर्घायुषी वृक्षांपैकी ब्रिसलकोन पाइन या वृक्षांची राई आहे. तळाला भेट देणाऱ्यांपैकी पुष्कळांचे येण्याचे कारण तीच असते.

स्थान

ग्रेट बेसिन म्हणजे शब्दशः मोठे खोरे. परंतु हे खोरे एकसंध नाही. रॉकी पर्वत आणि सिएरा नेव्हाडा यांच्यामधील या विस्तीर्ण प्रदेशात उत्तर-दक्षिण पसरलेल्या अनेक डोंगररांगा आणि त्यांच्यामध्ये रुक्ष दऱ्या आहेत. येथे पडलेले पाणी कोणत्याही समुद्राला मिळत नाही. ते खाऱ्या सरोवरांत साचते, जमिनीत मुरते किंवा उन्हाने आटून जाते. संशोधक जॉन फ्रेमाँट याने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात या वैशिष्ट्यावरून प्रदेशाला हे नाव दिले. तळाजवळून वाहणारा लीमन ओढाही याच नियतीचा: बर्फाच्या पाण्याने खळाळत निघतो आणि पूर्वेकडील स्नेक दरीत जिरून जातो.

तळ स्नेक पर्वतरांगेत, व्हीलर शिखराच्या पूर्वोत्तर उतारावर आहे. १३,०६३ फूट (३,९८२ मीटर) उंचीचे हे शिखर नेव्हाडातील दुसऱ्या क्रमांकाचे होय. पहिले बाउंडरी पीक कॅलिफोर्नियाच्या सीमेला टेकलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडील प्रदेशाची पाहणी करणाऱ्या लष्करी पथकाचा प्रमुख जॉर्ज व्हीलर याच्यावरून शिखराला नाव मिळाले. शेजारचे शिखर दीर्घकाळ जेफ डेव्हिस या नावाने ओळखले जाई. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी संघराज्याच्या अध्यक्षाचे ते नाव २०१९ साली बदलण्यात आले आणि ‘डोसो डोयाबी’ हे शोशोनी भाषेतील नाव अधिकृत झाले. त्याचा अर्थ ‘पांढरा डोंगर’ असा आहे. शोशोनी आणि गोशूट लोक या परिसराचे जुने रहिवासी आहेत.

तळावर जाणारा रस्ता

सर्वांत जवळचे गाव बेकर. ते अगदी लहान आहे. पश्चिमेला ईली हे शहर सुमारे ११० किलोमीटरवर आहे. सॉल्ट लेक सिटी आणि लास व्हेगास ही मोठी शहरे अनुक्रमे पावणेचारशे आणि साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. जवळून जाणाऱ्या ५० क्रमांकाच्या महामार्गाला १९८६ साली ‘लाइफ’ मासिकाने अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले. उपहासाने दिलेली ही पदवी नेव्हाडाने मोठ्या हौसेने मिरवली.

बेकरपासून उद्यानात शिरल्यावर सुमारे १९ किलोमीटरचा घाटरस्ता तळापर्यंत चढत जातो. या प्रवासात वनस्पतिसृष्टी ज्या वेगाने बदलते, ती पाहण्यासाठी एरवी शेकडो किलोमीटर उत्तरेकडे जावे लागेल. पायथ्याशी करड्या रंगाचे सेजब्रशचे झुडपी माळरान. त्यावर पिन्यन पाइन आणि जुनिपर यांचे बुटके रान. मग माउंटन महोगनी, त्यानंतर ॲस्पेन आणि शेवटी स्प्रूसची गर्द छाया. पिन्यनच्या बिया हे शोशोनी लोकांचे हिवाळ्याच्या बेगमीचे मुख्य अन्न होते.

रस्त्याची वळणे अवघड आणि चढ तीव्र असल्यामुळे २४ फुटांहून (सुमारे ७.३ मीटर) लांब वाहनांना अपर लीमन क्रीक या खालच्या तळापलीकडे जाऊ दिले जात नाही. हिवाळ्यात बर्फामुळे त्यापुढील रस्ता बंद असतो. त्यामुळे वरचा तळ साधारणतः जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच वापरता येतो. नेमकी तारीख त्या वर्षीच्या बर्फावर अवलंबून असते.

अरण्य

तळाभोवती तीन वृक्ष प्रामुख्याने दिसतात: एंगेलमान स्प्रूस, लिंबर पाइन आणि ॲस्पेन. लिंबर पाइनच्या कोवळ्या फांद्या इतक्या लवचिक असतात की त्यांची गाठ मारता येते. नावही त्यावरूनच पडले. या वृक्षाचा प्रसार मुख्यतः क्लार्कचा नटक्रॅकर हा करड्या-काळ्या रंगाचा पक्षी करतो. तो शरद ऋतूत हजारो बिया जमिनीत ठिकठिकाणी पुरून ठेवतो आणि हिवाळ्यात बहुतेक शोधून खातो. ज्या उरतात, त्यांतून नवी झाडे उगवतात.

ॲस्पेन बियांपेक्षा मुळांवाटे अधिक पसरतो. एका मुळापासून फुटलेले शेकडो खोडांचे झुंड वस्तुतः एकच झाड असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात अशी झुंडेच्या झुंडे एकदम पिवळी होतात. शेजारचे झुंड मात्र अजून हिरवे असू शकते. तळावर मुक्काम करण्यासाठी हा काळ सर्वोत्तम मानला जातो, मात्र थंडीची तयारी हवी. म्यूल हरणे आणि मार्मट हे धष्टपुष्ट कृंतक सहज दृष्टीस पडतात. पर्वतसिंहाचा वावर असला तरी तो क्वचितच दिसतो.

ब्रिसलकोन पाइन

ग्रेट बेसिन ब्रिसलकोन पाइन (पायनस लाँगेव्हा) हा वृक्ष पूर्व कॅलिफोर्निया, नेव्हाडा आणि युटा या तीन राज्यांच्या उंच डोंगरांवर आढळतो. शंकूच्या प्रत्येक खवल्यावर काट्यासारखे टोक असते, त्यावरून हे नाव. वृक्षाचे दीर्घायुष्य सुखसोयींतून आलेले नाही, हे त्याच्याविषयीचे सर्वांत लक्षणीय सत्य होय. सखल, ओलसर आणि सुपीक जागी उगवलेले ब्रिसलकोन उंच, सरळ वाढतात आणि तुलनेने लवकर मरतात. सर्वांत जुनी झाडे आढळतात ती वृक्षरेषेजवळ, मातीचा अंश जेमतेम असलेल्या खडकाळ उतारावर. अन्यत्र ही झाडे बहुधा चुनखडी व डोलोमाइटवर वाढतात. व्हीलर शिखराखालील राई मात्र हिमनदीने आणून टाकलेल्या क्वार्टझाइटच्या दगडगोट्यांवर उभी आहे.

अशा ठिकाणी वाढीचा काळ वर्षातून काही आठवड्यांचाच. त्यामुळे वलये कागदासारखी पातळ आणि लाकूड अतिशय घट्ट, राळेने भरलेले असते. बुरशी आणि कीड त्यात सहजी शिरत नाहीत. झाडे एकमेकांपासून दूर असल्याने वणवा पसरत नाही. सुयांसारखी पाने तीस-चाळीस वर्षेही टिकतात, म्हणून एखादे वाईट वर्ष झाड निभावून नेते. मुळांचा एखादा भाग मेला, तर त्यावर पोसलेला खोडाचा तेवढाच भाग वाळतो. अतिवृद्ध झाडाचे बहुतेक खोड वाऱ्याने व हिमकणांनी घासून गुळगुळीत झालेले, सोनेरी-करडे, निष्प्राण असते आणि एका बाजूने चढणारी सालीची अरुंद पट्टी तेवढी काही हिरव्या फांद्या जगवत असते. मेल्यावरही खोड शेकडो, कधी हजारो वर्षे कुजत नाही.

हे मृत लाकूडही मोलाचे आहे. एडमंड शुलमन याने १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या व्हाइट पर्वतातील ब्रिसलकोनचे प्रचंड वय प्रथम सिद्ध केले. पुढे जिवंत आणि मृत झाडांची वलये एकमेकांशी जुळवून हजारो वर्षांची अखंड कालमालिका तयार करण्यात आली. तिच्या आधारे रेडिओकार्बन कालमापनातील चूक दुरुस्त करता आली आणि युरोपातील अनेक प्राचीन वास्तू आधीच्या समजापेक्षा जुन्या ठरल्या. उद्यानात ब्रिसलकोनचे लाकूड उचलण्यास वा जाळण्यास पूर्ण मनाई आहे, ती यामुळेच. शेकोटीत टाकलेला एक वाळका ओंडका कदाचित दुसरीकडे कोठेही न मिळणाऱ्या शतकांची नोंद असू शकतो.

प्रमीथियस वृक्षाची तोड

या राईचा इतिहास एका घटनेमुळे कायमचा झाकोळलेला आहे. १९५९ साली अमेरिकेच्या वनसेवेने हा भाग व्हीलर पीक निसर्गरम्य क्षेत्र म्हणून घोषित केला होता. राष्ट्रीय उद्यानाची मागणी करणाऱ्या स्थानिक निसर्गप्रेमींनी राईतील मोठ्या झाडांना नावे दिली होती. त्यांपैकी एक ‘प्रमीथियस’. १९६४ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील डोनाल्ड करी हा भूगोलाचा विद्यार्थी अलीकडच्या हिमकालीन घडामोडींचा काळ ठरवण्यासाठी येथील झाडांचे नमुने घेत होता. त्याने प्रमीथियसला ‘डब्ल्यूपीएन-११४’ असा क्रमांक दिला.

वलये मोजण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढता येते. या झाडाच्या बाबतीत ती पद्धत का सोडली गेली, याविषयी वेगवेगळी कथने आहेत. गिरमिट अडकले वा तुटले असे कोणी सांगतात. अशा वेड्यावाकड्या खोडातून कांडीने पुरेशी माहिती मिळणार नव्हती असे कोणी. निर्विवाद गोष्ट एवढीच की करीने परवानगी मागितली, वनसेवेने ती दिली आणि ६ ऑगस्ट १९६४ रोजी झाड तोडण्यात आले.

करीने छेदावर ४,८४४ वलये मोजली. पुढील मोजणीत ती ४,८६२ भरली. छेद झाडाच्या मूळ बुंध्याच्या वरचा असल्यामुळे आणि अतिकठीण वर्षी वलय उमटत नसल्यामुळे प्रत्यक्ष वय ४,९०० वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक मानले जाते. म्हणजे मोहेंजोदडो आणि गिझाचा मोठा पिरॅमिड उभे राहण्यापूर्वी हे झाड रुजले होते. तोपर्यंत वय मोजलेल्या एकाही वृक्षाची वलये इतकी भरली नव्हती, हे कळले ते झाड आडवे झाल्यावर.

दोषाचा सगळा भार बहुधा त्या विद्यार्थ्यावर टाकला जातो. तो सर्वस्वी न्याय्य म्हणता येत नाही. झाडाचे वय आधी कोणालाच ठाऊक नव्हते आणि रक्षणाची जबाबदारी असलेल्या खात्यानेच संमती दिली होती. उलट, ते खाते त्या जमिनीचे रक्षण करण्यास पुरेसे आहे काय, हा प्रश्न उद्यानवाद्यांना या घटनेने हाती दिला. तरीही खाणकाम व चराईच्या हितसंबंधांमुळे उद्यान होण्यास आणखी दोन दशके लागली. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९२२ पासून राष्ट्रीय स्मारक असलेल्या लीमन गुहा त्यातच समाविष्ट झाल्या.

प्रमीथियसचा बुंधा अजून जागेवर आहे, पण त्याकडे जाणाऱ्या वाटेवर फलक नाही. खोडाचा एक छेद उद्यानाच्या माहिती केंद्रात ठेवलेला आहे. व्हाइट पर्वतातील मेथुसेला या दुसऱ्या वयोवृद्ध ब्रिसलकोनचे नेमके ठिकाण वनसेवा गुप्त ठेवते.

पायवाटा

ब्रिसलकोन राईपर्यंत जाऊन परत येण्याची वाट सुमारे ४.५ किलोमीटरची आहे. तीच पुढे चालू ठेवल्यास शिखराच्या उत्तरेकडील उभ्या कड्याखालच्या हिमगव्हरात पोहोचता येते. तेथील दगडांनी झाकलेली छोटी हिमनदी ही नेव्हाडातील एकमेव होय. स्टेला आणि तेरेसा या दोन तळ्यांना वळसा घालणारी वाट ४.३ किलोमीटरची, सोपी आहे. तेरेसा तळे उन्हाळा सरता सरता इतके आटते की जूनमध्ये पाहिलेले तळे हेच का, असा संभ्रम पडावा. शिखरावर जाऊन येण्यास सुमारे १३.८ किलोमीटर चालावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांची वादळे येतात, त्यामुळे पहाटे निघून दुपारपूर्वी उघड्या कण्यावरून खाली उतरणे आवश्यक ठरते.

उंचीवरील मुक्काम

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. वाळवंटातील सखल शहरातून मोटारीने एका दिवसात येथे आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, झोपमोड असा त्रास होऊ शकतो. खालच्या एखाद्या तळावर, उदाहरणार्थ सुमारे २,३६० मीटरवरील अपर लीमन क्रीकवर, एक रात्र काढून मग वर येणे हिताचे. लक्षणे वाढल्यास एकच उपाय खात्रीचा असतो: खाली उतरणे.

पाणी येथे सुमारे ९० अंश सेल्सिअसला उकळते. भात कसाबसा होतो. तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजवण्याचा हट्ट धरणाऱ्याचे इंधन आधी संपते. लहान प्रेशर कुकर सोबत असावा. उन्हाळ्यातही रात्री तापमान गोठणबिंदूजवळ उतरते आणि हिमवर्षाव कोणत्याही महिन्यात होऊ शकतो. दिवसा विरळ हवेतले ऊन कातडी भाजते.

सोयी बेताच्याच आहेत. प्रत्येक जागेला टेबल व शेकोटीचे कडे आहे. खड्ड्याची शौचालये आणि हंगामात पिण्याचे पाणी मिळते. स्नानगृहे आणि वाहनांसाठी वीजजोडणी नाही. उद्यानात १०,००० फुटांच्या वर शेकोटी पेटवण्यास मनाई आहे. हा तळ त्या रेषेच्या जेमतेम खाली येतो, आणि वणव्याचा धोका वाढला की येथील शेकोट्यांवरही बंदी येते. खाद्यपदार्थ रात्री वाहनात बंद ठेवावे लागतात.

रात्रीचे आकाश

दूरवर मोठे शहर नाही, हवा कोरडी आणि विरळ. त्यामुळे चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत स्पष्ट दिसते आणि देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते. २०१६ साली उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. त्याच वर्षी उद्यानात संशोधनासाठीची वेधशाळाही सुरू झाली. तळावर झाडांची दाटी असल्याने तेथून आकाशाचा तुकडाच दिसतो. पूर्ण आकाश पाहू इच्छिणाऱ्यांना रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जावे लागते. तेथे लाल प्रकाशाची विजेरी वापरण्याची पद्धत आहे, कारण पांढऱ्या प्रकाशाने दिपलेले डोळे अंधाराला पुन्हा सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो.