गहाण घर आणि उतारवयांतील हप्ता

घर गहाण ठेवून काढलेलें कर्ज पगार चालू असतां फारसें जाचत नाहीं. पगार थांबतो, हप्ता थांबत नाहीं, आणि मग त्या कर्जाचें खरें ओझें कळूं लागतें. हा अनुभव पुष्कळ देशांतील मध्यमवर्गाचा आहे. पण त्यावर सरकारी पातळीवर मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेंत, १९३३ नंतरच्या मंदीच्या काळांत.

त्यापूर्वी तेथील घरकर्जाची तऱ्हा निराळी होती. बँका व विमा कंपन्या घराच्या किंमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम देत. मुदत बहुधा तीन ते पांच वर्षांची. तेवढ्या काळांत केवळ व्याज भरावयाचें आणि मुदतीअखेर सारें मुद्दल एकदम द्यावयाचें. तें एकदम देणारा विरळाच. जुना कागद रद्द होऊन नवा कागद होई, आणि असें करतां करतां ऋणकोचे केस पिकत. आपल्याकडील नजरगहाणाप्रमाणें घराचा ताबा मालकाकडेच राही. त्यामुळें घर आपलेंच आहे, हा समज मात्र पक्का होई. १९२९ नंतर ठेवी परत कशा करावयाच्या याचीच बँकांना भ्रांत पडली आणि नवे कागद होणें बंद झालें. १९३३ सालीं दररोज सुमारें एक हजार घरें सावकारांच्या हातीं जात होतीं.

त्या वर्षीं १३ जून रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीनें ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ हें सरकारी मंडळ अस्तित्वांत आलें. मंडळ सावकाराला रोख पैसे न देतां आपले रोखे देई, जुनें गहाणखत आपल्या हातीं घेई, आणि घरमालकाला पंधरा वर्षांची मुदत देऊन दरसाल शेंकडा पांच व्याजानें मुद्दल व व्याज मिळून सारखे मासिक हप्ते बांधून देई. तीन वर्षांत अशीं दहा लाखांहून अधिक कर्जें दिलीं गेलीं. एकंदर रक्कम तीन अब्ज डॉलरांच्या वर गेली. म्हणजे सरासरीनें दर घरामागें तीन हजार डॉलर.

येथें थोडा हिशोब मांडला पाहिजे, कारण या इतिहासाचें मर्म हिशोबांतच आहे. तीन हजार डॉलरांचा या दरानें मासिक हप्ता २३ डॉलर ७२ सेंट होतो. आतां १९३५ च्या कायद्यानें सुरू झालेल्या वार्धक्य-वेतनाचा पहिला मासिक चेक पहा. तो ३१ जानेवारी १९४० या तारखेचा असून व्हर्माँट राज्यांतील आयडा मे फुलर या बाईंना मिळाला. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. बाईंचा या कर्जाशीं संबंध जोडण्याचा हेतु नाहीं. पण हे दोन आंकडे शेजारीं ठेवले, म्हणजे हप्ता भरून चुलीसाठीं काय उरतें, तें सांगावें लागत नाहीं. शिवाय शेतमजूर आणि घरकाम करणारीं माणसें यांना तर त्या कायद्यानें आरंभीं वगळलेंच होतें.

१९३९ सालीं मंडळाला मुदत पंचवीस वर्षांपर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली व व्याज साडेचार टक्क्यांवर आलें. पांच वर्षें नियमित हप्ते भरलेल्या वरील ऋणकोचें सुमारें २,२३७ डॉलर मुद्दल उरलेलें असे. दहा वर्षांऐवजी वीस वर्षांत तें फेडावयाचें ठरल्यास हप्ता २३ डॉलरांवरून १४ डॉलरांच्या आसपास येई. सवलत लहान नव्हे. परंतु पुढें भरावयाचें एकूण व्याज सुमारें ६१० डॉलरांवरून जवळजवळ १,१६० होई, आणि पंचावन्नाव्या वर्षीं कर्ज घेतलेला गृहस्थ सत्तरीऐवजीं ऐंशीव्या वर्षीं मोकळा व्हावयाचा. हप्ता उत्पन्नाच्या मापाचा झाला खरा; आयुष्याच्या मापाचा झाला कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पहावयाचें.

मिळकत अपुरी पडली, कीं पुष्कळ वृद्ध घराची एखादी खोली भाड्यानें देत. अगदींच निर्धनांसाठीं राज्यांकडून वेगळी मदत असे. मात्र कित्येक राज्यें ती देतांना घरावर बोजा चढवीत आणि वृद्धाच्या मृत्यूनंतर दिलेली रक्कम घरांतून वसूल करीत. जें घर एकदां सावकाराकडे गहाण होतें, तें असें दुसऱ्यांदां सरकारकडे गुंतत असे.

मंडळानें हातीं घेतलेल्या घरांपैकीं सुमारें दोन लाख घरें शेवटीं मंडळालाच ताब्यांत घ्यावीं लागलीं. म्हणजे पांचांत एक. उरलेलीं चार वांचलीं, हें यश कमी लेखण्याजोगें नाहीं. १९५१ सालीं कारभार आटोपला तेव्हां मंडळाला थोडा नफाच झाला होता.

पुढें या प्रश्नाची उलटी बाजू पुढें आली. १९८७ च्या कायद्यानें अमेरिकेंत बासष्ट वर्षें पुरीं झालेल्या घरमालकासाठीं सरकारी हमीचें उलट गहाण सुरू झालें. त्यांत मासिक हप्ता नाहीं; घराचा कर व विमा मात्र ज्याचा त्यानें भरावयाचा. जुनें कर्ज शिल्लक असेल तर तें याच रकमेंतून आधीं फिटतें. भारतांत अशी योजना २००७ च्या अर्थसंकल्पांत जाहीर झाली: साठ वर्षांवरील मालकाला बँकेनें पैसे द्यावयाचे, आणि त्याच्या व पत्नीच्या पश्चात् वारसांनीं कर्ज फेडून घर सोडवावें, नाहीं तर तें विकूं द्यावें. तिला गिऱ्हाईक थोडेंच मिळालें. मुलांसाठीं घर राखण्याची ओढ हें त्याचें एक कारण सांगतात. दुसरें कारण नियमांतच होतें: घरावर आधींचा कोणताहि बोजा नसावा, अशी अट होती, त्यामुळें ज्याचा हप्ता अद्यापि चालू आहे, त्याला त्या दाराशीं जातांच येत नसे.