रक्तवाहिनीच्या भिंतीतले जिवाणू : प्रस्तावना

तरुण वयात हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण समोर असला की आपण ठरलेले प्रश्न विचारतो. तंबाखू खाता का, साखर आहे का, बीपी आहे का, वडिलांना कधी काही झालं होतं का. ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतरत्र ५९. आणि हा फरक बहुतांशी याच जुन्या कारणांनी उलगडला. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो : जिवाणूंचा विचार करायचा तो तंबाखूला दोषमुक्त करण्यासाठी नव्हे.

१९८८ साली फिनलंडमध्ये पेक्का साइक्कू आणि सहकाऱ्यांनी नुकताच झटका आलेल्या ४० पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ६८ टक्के जणांत क्लॅमिडिया न्यूमोनिए या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत हे प्रमाण १७ टक्के होतं. हा जिवाणू खोकल्या-शिंकांतून पसरतो, फुप्फुसात शिरतो. मग तो हृदयाच्या रक्तवाहिनीत कसा?

इथे जरा थांबायला हवं, कारण या विषयाची सगळी गोडी इथे आहे. फुप्फुसातली भक्षकपेशी जिवाणूला गिळते, पण तो तिच्या पोटात मरत नाही, टिकून राहतो. ती पेशी रक्तातून फिरत रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथलं कोलेस्टेरॉल खाऊन फुगते आणि चरबीच्या थराचा भाग होऊन बसते. १९९२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या शवविच्छेदनांत अशा थरांमध्ये हा जिवाणू प्रत्यक्ष दिसला.

मग प्रतिजैविकं दिली की काम झालं, असं वाटणं स्वाभाविक होतं. जठरव्रणाच्या बाबतीत तसंच घडलं होतं. पण २००५ हे वर्ष पाहा. जठरातल्या जिवाणूसाठी मार्शल आणि वॉरन यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी हृदयरुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत सुमारे ४,००० रुग्णांनी वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा नुसती दिसायला तशी गोळी घेतली होती. दोन्ही गटांत झटके जवळपास सारखेच.

अनेकांनी तिथेच हा विषय मिटवला. मला ती घाई वाटते. पेशीत दबा धरून बसलेला, वाढ थांबवलेला जिवाणू या औषधांना फारशी दाद देत नाही. शिवाय चाचणीत आलेल्यांच्या रक्तवाहिन्यांत थर आधीच साचलेले होते. अर्थात दुसरी शक्यताही तितकीच खरी : जिवाणू तिथे केवळ मुक्कामाला आलेला असेल, आग दुसऱ्याच कोणी लावली असेल. सिगारेट ओढणाऱ्याची छातीही बिघडते आणि हृदयही, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसणं हा पुरावा ठरत नाही. हिरड्यांच्या आजाराचंही तेच. ब्रशला रोज रक्त लागतं त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतो, हिरड्यांतले जिवाणू थरांतही सापडले आहेत. पण हिरड्यांच्या उपचाराने झटके टळतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

एक धागा मात्र भक्कम आहे. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो. तापात नाडी वाढते, रक्त गोठण्याकडे झुकतं, दाहाने थराचं पातळ आवरण फाटतं. वर्षानुवर्षं थर साचवणारा संसर्ग आणि साचलेला थर फोडणारा संसर्ग, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पुस्तकाची मांडणी त्यांवरच केली आहे.

सर्वसाधारण वाचकाने हिरड्यांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. विद्यार्थ्यांनी मात्र फसलेल्या चाचण्यांचं प्रकरण आधी वाचावं, आणि वाचताना शेजारी कोरा कागद ठेवावा : आपण असतो तर ही चाचणी कोणत्या वयाच्या रुग्णांवर घेतली असती?