टोर्नेडो म्हणजे काय? इतिहासातले भयंकर टोर्नेडो आणि मोबाईलवरच्या अलर्टचं महत्त्व

ढगातून सोंडेसारखा खाली उतरलेला टोर्नेडो तुम्ही व्हिडिओत नक्कीच पाहिला असेल. त्यात किती माणसं दगावतात हे वाऱ्याच्या वेगावर ठरतंच, पण लोकांना आधी कळलं का आणि कळल्यावर ते जागचे हलले का, यावरही ठरतं. चला, हे इतिहासातल्या घटनांमधून समजून घेऊया.

टोर्नेडो आणि चक्रीवादळ यात फरक काय?

चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि काही दिवस टिकतं. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, जोरात फिरणारा हवेचा खांब. तो बहुतेक वेळा काही मिनिटंच टिकतो. म्हणूनच इशारा द्यायला वेळ फार कमी मिळतो.

१९२५: ट्राय-स्टेट टोर्नेडो, अमेरिका

१८ मार्च १९२५ ला हा टोर्नेडो मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे ३५० किलोमीटर गेला. साडेतीन तासांत ६९५ लोकांचा जीव गेला. अमेरिकेतला हा आजही सर्वात जीवघेणा टोर्नेडो आहे. त्या काळी तिथलं हवामान खातं अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरत नव्हतं, लोक घाबरतील म्हणून! त्यात अनेकांना नेहमीची सोंड दिसलीच नाही, नुसता जमिनीलगत सरकणारा काळा ढग दिसला.

१९४८: पहिला यशस्वी अंदाज

२० मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आला आणि अनेक विमानांचं नुकसान झालं. पाचच दिवसांनी तसंच हवामान दिसल्यावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा अंदाज दिला. त्याच संध्याकाळी तळावर पुन्हा टोर्नेडो आला! यावेळी आधीच तयारी केल्यामुळे कुणाचाही जीव गेला नाही.

१९८९: दौलतपूर-सातुरिया, बांगलादेश

२६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात आलेल्या टोर्नेडोने सुमारे १३०० लोकांचा बळी घेतला. जगातला हा सर्वात जीवघेणा टोर्नेडो मानला जातो. दाट वस्ती आणि कच्ची घरं, त्यामुळे लपायला जागाच नव्हती. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले.

२०११: जॉप्लिन, अमेरिका

आता तर डॉप्लर रडार होतं. ढगातले थेंब रडारच्या दिशेने येतायत की लांब जातायत, हे त्याला कळतं. शेजारी शेजारी दोन्ही हालचाली दिसल्या की ढग फिरतोय हे समजतं. २२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडो शिरण्याच्या साधारण २० मिनिटं आधी सायरन वाजले. तरीही १५८ लोक गेले. कारण काय? एक तर टोर्नेडो सर्वात वरच्या, म्हणजे ईएफ-५ श्रेणीचा होता. दुसरं म्हणजे सायरन वारंवार ऐकून लोकांना त्याची सवय झाली होती. बरेच जण ‘खरंच येतोय का?’ याची खात्री करत बसले.

मग मोबाईलचा उपयोग काय?

२०१२ पासून अमेरिकेत असे इशारे थेट मोबाईलवर येतात. यामागे सेल ब्रॉडकास्ट तंत्रज्ञान आहे. टॉवर आपल्या रेंजमधल्या सगळ्या फोनना एकाच वेळी मेसेज पाठवतो. त्यासाठी तुमचा नंबर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. नेटवर्कवर गर्दी असली तरी मेसेज सहसा अडकत नाही.

२०२३ मध्ये भारतातही या यंत्रणेच्या चाचण्या झाल्या. अचानक मोठ्याने बीप वाजून स्क्रीनवर मेसेज आला होता, आठवतंय? तो हाच प्रकार. आपल्याकडे पूर किंवा चक्रीवादळाच्या वेळी त्याचा उपयोग होऊ शकतो.

तुम्ही काय कराल?

- सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधा आणि तो चालू आहे का ते बघा. आवाजाचा त्रास होतो म्हणून बंद करू नका.
- खरा इशारा आला तर व्हिडिओ काढायला बाहेर जाऊ नका. मेसेजमध्ये सांगितलंय ते आधी करा.
- टोर्नेडोचा इशारा असेल तर पक्क्या इमारतीत, सर्वात खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब आतल्या खोलीत जा आणि डोकं झाका.
- घरातल्या आजी-आजोबांच्या फोनमध्येही हे सेटिंग आजच तपासा.