खापरच्या मुलांचं ‘बरं होणं’ कशाशी ताडायचं?

समजा, खापरमधल्या एका मुलीला कोविडनंतर सहा महिन्यांनीही थकवा येतोय. तो कोविडचाच, हे तुम्ही कशावरून ठरवाल?

2020 च्या उन्हाळ्यात लंडनच्या डॉक्टरांना कोविडनंतर काही आठवड्यांनी शरीरभर दाह झालेली मुलं दिसली, आणि ‘मुलांना काही होत नाही’ हा समज हलला. पण तो आजार दुर्मीळ, ठळक. थकवा, डोकेदुखी, धाप यांचं तसं नाही. ती कोविड नसतानाही असतात.

म्हणून इंग्लंडचा ‘क्लॉक’ अभ्यास वाचाच. 11 ते 17 वयाची, 2021 च्या सुरुवातीला चाचणी झालेली मुलं. तीन महिन्यांनी पॉझिटिव्ह गटातल्या 66.5 टक्के मुलांना निदान एक लक्षण होतं. एवढंच छापलं असतं तर हाहाकार झाला असता! पण निगेटिव्ह गटातही 53.3 टक्के होतेच. तीन किंवा जास्त लक्षणं घेतली तर 30.3 विरुद्ध 16.2. म्हणजे फरक खरा, पण पहिल्या आकड्याने वाटतो तेवढा नाही. पुढे वर्षभरात, चाचणीच्या वेळी असलेली लक्षणं बऱ्याच मुलांची ओसरली. काहींना मात्र नवी सुरू झाली. नुसती दर फेरीची टक्केवारी पाहिली असती तर हे बरं होणं दिसलंच नसतं.

आता हा आराखडा अक्कलकुवा तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळच्या खापरला आणा. 2021 च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरने देशातल्या 70 जिल्ह्यांत रक्ततपासणी केली, तेव्हा 6 ते 9 वयाच्या 57.2 टक्के आणि 10 ते 17 च्या 61.6 टक्के मुलांत प्रतिपिंडं सापडली. (त्यात खानदेशातला जळगाव होता, नंदुरबार नव्हता.) यातल्या बहुतेकांची चाचणी कधी झालीच नव्हती. मग तुमचा निगेटिव्ह गट कुठून येणार? त्यात या भागात थकव्याची जुनी कारणं आहेतच: रक्तक्षय, सिकलसेल, कुपोषण. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तीन महिन्यांनी पाठपुराव्याला गेलात तर दाराला कडी.

फेब्रुवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी व्याख्या केली: संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेली, निदान दोन महिने टिकलेली लक्षणं. संसर्ग ‘खात्रीचा किंवा संभाव्य’ चालतो. या ‘संभाव्य’मुळे रिपोर्ट नसलेली आपली मुलगी निदान मोजणीत येऊ शकते. तुलनेचा प्रश्न मात्र तसाच राहतो. शाळेच्या हजेरीपटावर भिस्त ठेवाल, तर राज्यात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग मार्च 2020 नंतर थेट डिसेंबर 2021 मध्ये भरले. मी असते तर आधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलच्या नोंदी मागितल्या असत्या, प्रश्नावली नंतर.