आग विझवलेलं पाणी कुठे गेलं?

१ नोव्हेंबर १९८६, पहाटेचे पावणेचार. तुम्ही स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात आहात आणि भोंग्यांच्या आवाजाने दचकून उठला आहात. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेला अजून पुरते सात महिनेही झालेले नाहीत, त्यामुळे मनात पहिली शंका तीच येते. खिडकीच्या फटीतून सडक्या अंड्यांसारखा वास आत शिरतोय. खालून लाउडस्पीकर लावलेली गाडी जाते: दारं-खिडक्या लावून घ्या, बाहेर पडू नका, रेडिओ ऐका.

पूर्वेकडे आभाळ तांबडं झालंय. तिकडे चला. शहराला लागूनच श्वाइट्झरहाले ही औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे सांडोझ कंपनीचं ९५६ क्रमांकाचं गोदाम जळतंय. आत सुमारे १,३५० टन रसायनं आहेत, त्यात कीटकनाशकं भरपूर. पिंपं धडाधड फुटताहेत. आग शेजारच्या इमारतींना लागू नये म्हणून अग्निशमन दलाचे जवान पाण्याचा मारा थांबवत नाहीत. त्यांचं काम चोख आहे. सकाळी सातला धोका टळल्याचं जाहीर होतं.

आता पायाखाली पाहा. आगीवर मारलेलं पाणी रसायनं घेऊन गटारात उतरतंय आणि गटार थेट ऱ्हाइन नदीत. ते अडवायला कुंड नाही, हौद नाही. काठावर पोहोचता तेव्हा गोदामातल्या रंगद्रव्याने नदी लाल झालेली असते. ३० टनांपर्यंत विष पाण्यात गेल्याचा अंदाज पुढे निघेल.

या पाण्याबरोबर उत्तरेला चला. बासेल ओलांडताच डाव्या तीरावर फ्रान्स, उजव्या तीरावर जर्मनी. वाम मासे लाखांच्या घरात मरून तरंगू लागलेत. खाली नेदरलँड्सपर्यंत नदीतून पाणी उचलणारी केंद्रं बंद करावी लागताहेत. शेजारी देश संतापले आहेत, कारण विष आधी आलं आणि खबर मागून. ऱ्हाइनच्या रक्षणासाठी या देशांचा आयोग १९५० पासून आहे. कमी पडली ती अपघाताची तयारी.

एक वर्ष पुढे, १९८७. काठावरचे देश ऱ्हाइन कृती कार्यक्रम मंजूर करतात. २००० सालापर्यंत नदीत सामन मासा परतला पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट. कारखान्यांना आगीचं पाणी साठवणारे हौद बांधावे लागतात. १९८८ मध्ये युरोपीय समुदाय इटलीतल्या सेवेसो दुर्घटनेनंतर केलेला आपला नियम सुधारतो आणि धोकादायक रसायनांच्या साठवणुकीवरची बंधनं वाढवतो.

आता आजच्या काळात या. बासेलच्या खालच्या अंगाला, वाइल आम ऱ्हाइन इथे स्वित्झर्लंड आणि जर्मनी मिळून एक तपासणी केंद्र चालवतात. नमुन्यात संशयास्पद काही आढळलं की निरोप सुटतो आणि बासेलपासून आर्नहेमपर्यंतची इशारा केंद्रं सावध होतात. दूषित पाणी कोणत्या गावी कधी पोहोचेल, याचं गणित संगणक मांडतो. पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला झडपा बंद करायला वेळ मिळतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण नदीच्या या साखळीत तो पहिली कडी आहे.

१९८६ च्या त्या रात्री आग विझवणाऱ्यांनी कसूर केली नव्हती. त्यांच्या पाण्याचा विचार गोदाम बांधताना कोणी केला नव्हता. आपत्ती टाळणारे आणि आपत्तीत धावणारे वेगवेगळ्या टेबलांवर बसले, की असं होतं. म्हणून रासायनिक गोदाम कुठलंही असो, परवानगी देण्याआधी दोन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत: आग लागली तर विझवलेलं पाणी कुठे जाईल? आणि खालच्या गावाला पहिला फोन कोण करील?