फेणी, भट्टी आणि एक सरकारी शब्द

माझा बेळगावचा कॉलेजमित्र एप्रिलात दोन दिवस घरी राहायला आला, तो एक हट्ट घेऊनच. "अरे, तुमच्या गोव्यात म्हणे आता जिन गाळतात. समुद्राकाठी छोटे कारखाने आहेत, बघायलाही देतात. जाऊया!"

त्याचं खोटं नव्हतं. 2017 च्या सुमारापासून गोव्यात जिनच्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांची नावं बाहेरदेशीही गेली. पण मी म्हटलं, "जिन बाराही महिने मिळते रे. काजूची भट्टी मात्र मेअखेर थंड होते. आधी ती बघ."

तर मंडळी, आम्ही काणकोणला निघालो. करमल घाट उतरलो की हवाच बदलते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या उतारावर काजूची झाडं. गाडी ठेवून पायवाटेने खाली गेलो, तर भट्टी दिसायच्या आधी तिचा वास आला. गोड, आंबूस आणि धुरकट. मित्राने नाकाला रुमाल लावला. पाच मिनिटांनी तो रुमाल आपोआप खिशात गेला.

भट्टी म्हणजे झावळ्यांची एक शाकार. साठी ओलांडलेले एक गृहस्थ चुलीत लाकूड सारत होते. "कितें बाब, पळोवपाक आयल्यात?" म्हणाले आणि बसायला दगड दाखवला. मग सगळं हातातलं काम न थांबवता समजावून सांगितलं. पिकून खाली पडलेलंच बोंडू घ्यायचं, झाडावरचं तोडायचं नाही. खडकात खोदलेल्या द्रोणीत, म्हणजे कोळमीत, ते पायांनी तुडवायचं. चोथ्याचा ढीग करून वर दगडाचं वजन ठेवलं की जो रस थेंब थेंब गळतो तो नीरो. आमच्या घरातल्या बायकापोरांनाही चालणारा! बाकीचा रस मातीच्या मोठ्या भांड्यात काही दिवस आंबवायचा. यीस्ट नाही, साखर नाही, पाणीसुद्धा नाही. मग तो भाणात घालून उकळायचा. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, त्या भांड्यावर गार पाणी ओतत राहायचं. पहिल्या धारेचं ते हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचं. हुर्राकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा गाळलं की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर.

"आणि जिन कशी करतात?" मित्राने मला विचारलं. मी वाचलेलं सांगितलं. तयार मद्यार्क घ्यायचा, त्यात ज्युनिपरची फळं आणि इतर मसाले घालून पुन्हा गाळायचा. ज्युनिपर म्हणजे आपल्या आयुर्वेदातली हपुषा. म्हातारबाबांनी ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "म्हणजे वास बाहेरून घालायचा. आमचा वास झाडातूनच येतो."

आता थोडा इतिहास, कारण मी कलाशाखेचा पदवीधर आणि ही खोड जात नाही. काजू आपला नव्हेच. तो ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. नावसुद्धा तिथलंच, तुपी भाषेतल्या 'अकाजू'वरून पोर्तुगीज 'काजू'. ज्याच्या नावाची बाग पणजीत चर्चसमोर आहे, त्या गार्सिया द ओर्ताने 1563 साली गोव्यातच छापलेल्या औषधींच्या ग्रंथात काजूचा पत्ता नाही. पुढे 1578 साली क्रिस्तोव्हाव द कोश्ताच्या ग्रंथात तो सापडतो, तोही कोचीनच्या बागेतला. म्हणजे झाड पाहुणं. पण गाळण्याची विद्या इथे होती, माडाची सूर आंबवून ती गाळली जायची. पाहुण्या फळाला आपल्या माणसांनी आपल्या चुलीवर चढवलं. नावही आपल्याच भाषेतलं दिलं. बाटली हलवली की फेण येतो, ती फेणी.

मग कागद आला. डिसेंबर 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा करार झाला. मुरगाव बंदर आणि रेल्वेसाठी तो लक्षात ठेवला जातो, पण त्यातच मीठ आणि अबकारीही होती. मुंबई इलाख्याची अबकारीची पद्धत गोव्यात लागू झाली. 1892 साली करार संपला, अबकारी मात्र राहिली. माडाच्या शेंड्यावर आणि डोंगरातल्या भट्टीवर सरकारी नजर पडली ती पडलीच. मुक्तीनंतर 1964 चा आपला अबकारी कायदा आला आणि त्यात फेणी 'कंट्री लिकर', म्हणजे देशी दारू ठरली. त्या एका शब्दामुळे ती राज्याबाहेर विकणं मुश्कील. व्हिस्की मात्र 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. गंमत बघा, इथे बनलेलं ते विदेशी म्हणून वरच्या फळीवर आणि इथेच बनलेलं हे देशी म्हणून खालच्या!

मी नोकरीत कागद इकडून तिकडे करणारा माणूस. कागदावरचा एक शब्द माणसाचं काय करतो ते रोज पाहतो. म्हणून म्हातारबाबांचं पुढचं बोलणं मला लागलं. ते म्हणाले, "मुलीची सोयरीक आली तेव्हा मी भट्टीचं बोललोच नाही. काजूची बागायत आहे म्हणून सांगितलं." आजोबांपासूनचा धंदा, आणि तो लपवायचा.

आणि मी तरी वेगळा कुठे होतो? लहानपणी सर्दी झाली की आजी छातीला फेणी चोळायची. पोट दुखलं की चमचाभर पोटातही जायची. पण बाटली कुठे? कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात कोणीतरी दुबईहून आणलेली स्कॉच, न उघडलेली, वर्षानुवर्षं. घरात कोणी पिणारं नव्हतं, पण मान होता तो तिला.

2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. माडाची फेणी, जी वयाने मोठी, ती त्यात नाही. 2016 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेणी 'देशी दारू'तून सुटून 'हेरिटेज स्पिरिट' झाली. मी हे मोठ्या उत्साहाने म्हातारबाबांना सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बरं झालं. पण बाब, कोळमीत उतरणार कोण? एक मुलगा बोटीवर, एक मडगावला. शब्द बदलला, पाय कुठून आणायचे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्रही गप्प होता. परतताना घाटात तो म्हणाला, "उद्या जिन बघायला नको. पुरे झालं." मी म्हटलं, "तसं नको रे. ती मुलंही आपल्या मातीतच काहीतरी उभं करताहेत. त्यांचा राग कशाला?" राग असलाच तर तो आमच्या त्या काचेच्या कपाटावर आहे. वारसा म्हणून कायद्यात नाव लागायला 2016 उजाडावं लागलं. आमच्या घरात तर तेवढंही झालं नव्हतं.

असो. येताना एक बाटली आणली होती. रात्री ती कपाटात स्कॉचच्या शेजारी ठेवली. सकाळी बायकोने पाहिली. "अहो, हे काय? पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोरच," मी म्हटलं.

ती अजून तिथेच आहे. कोणी विचारलं तर भट्टीचं सगळं सांगतो, कोळमीपासून.